अर्धी कोरी सीडी

मैत्रिणींनो, तुमच्या शोकेसच्या खालच्या खणात किंवा लग्नाच्या अल्बममागे पाच-दहा सीडी नक्की असतील. कुणाच्या बारशाची, कुणाच्या गॅदरिंगची, कुणाच्या रिटायरमेंटची. वर मार्करने लिहिलेलं नाव अर्धं पुसलेलं. लावायचं म्हटलं तर घरात आता काही नाही. डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला आणि मुलाने घेतलेल्या लॅपटॉपला सीडीचा खणच नाही.

बचत गटांच्या बैठकांना वर्धा, देवळी, हिंगणघाटकडे फिरताना या सीडींबद्दल मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "मॅडम, अर्धी कोरी हाये जी ही, याच्यात आखीन काही भरता येते का?" आणि दुसरा, "आता कायले ठेवा, फेकून देऊ का?" माझं उत्तर दोन्हीला 'नाही' असंच असतं. म्हणजे भरता येतं, ते खोटं नाही. पण भरू नका. आणि फेकू तर मुळीच नका, कारण जे त्यात दिसत नाही तेही त्यात असू शकतं. हे शेवटचं वाक्य ऐकून बायका माझ्याकडे अशा बघतात जणू मी भुताखेताची गोष्ट सांगते आहे! म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आपण सीडीला डबा समजतो. डब्यात अर्धे पोहे आहेत, वरून अर्धे आणखी ओतले, डबा भरला. पण सीडी हा डबा नाही, ती वही आहे, आणि तीही शाईच्या पेनने लिहायची. तिच्या मधल्या भोकाजवळून लिहायला सुरुवात होते आणि जिलबीच्या वेढ्यासारखं बाहेर बाहेर जात लिहिलं जातं. आत रंगाचा एक पातळ थर असतो, त्यावर लेझरच्या किरणाने खुणा उमटतात. एकदा उमटलेली खूण मिटत नाही. (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या 'आरडब्ल्यू' सीडी वेगळ्या. आपल्याकडे फोटोवाल्यांनी दिलेल्या बहुतेक सीडी साध्या, एकदाच लिहायच्या असत.) खोटं वाटत असेल तर सीडीची चमकती बाजू उजेडात तिरकी धरून बघा. जिथवर लिहिलं आहे तिथवरची छटा जराशी वेगळी दिसते. बाहेरचा कोरा भाग वेगळा. कुठे किती भरली आहे ते कॉम्प्युटर न लावताही कळतं.

आता या वहीला एक अनुक्रमणिका लागते. कुठला फोटो कुठल्या वेढ्यावर आहे ते सांगणारी. पहिल्यांदा फोटो भरले की त्यांची अनुक्रमणिका लिहिली जाते आणि तो भाग बंद होतो. यालाच 'सेशन' म्हणतात. दोन महिन्यांनी त्याच सीडीत आणखी फोटो भरले तर ते जुन्या फोटोंच्या पुढे लिहिले जातात. पण जुन्या अनुक्रमणिकेत नवी नावं घालता येत नाहीत, ती तर शाईने लिहून झालेली! मग नवी अनुक्रमणिका वेगळी लिहावी लागते. तीत जुन्या फोटोंची नावं पुन्हा उतरवून घ्यायची आणि खाली नव्यांची घालायची. आणि कॉम्प्युटर सीडी उघडतो तेव्हा सर्वसाधारणपणे सगळ्यात शेवटची अनुक्रमणिका वाचतो. तेवढीच.

सगळी गोम इथे आहे. भरणाऱ्याने नवी अनुक्रमणिका करताना जुनी नावं उतरवून घेतली तर सगळं दिसतं. नाही घेतली, तर फक्त नवे फोटो दिसतात. जुने तिथेच असतात, एक कणही पुसलेला नसतो, पण त्यांचा पत्ता सांगणारं पान कुणी वाचत नाही. सीडी लावली की वाटतं, गेले!

ही पद्धत मुळात निघाली ती फोटोंसाठीच, हे फार थोड्यांना माहीत असेल. कोडॅक कंपनीने १९९२ साली 'फोटो सीडी' नावाचा प्रकार आणला. रोल धुवायला दिला की फोटो सीडीवर भरून मिळायचे, एका सीडीत साधारण शंभर मावायचे. आता शंभर फोटो काही एका रोलमध्ये होत नाहीत. म्हणून तीच सीडी पुढच्या रोलच्या वेळी पुन्हा घेऊन जायची आणि पुढचे फोटो भरून आणायचे, अशी सोय ठेवली. त्या काळातल्या कितीतरी सीडी ड्राइव्हना पहिलंच सेशन दिसायचं, दुसरं दिसायचंच नाही. म्हणून पुढे 'मल्टिसेशन चालते' असं ड्राइव्हच्या खोक्यावर छापायला लागले. कोडॅकची ती सीडी आपल्या तालुक्याच्या गावात कुणी पाहिली असेल असं वाटत नाही. आपल्याकडे हे सगळं दहा वर्षांनी आलं. डिजिटल कॅमेरा, स्टुडिओत कॉम्प्युटर, आणि टेबलावर कोऱ्या सीडींची चळत. त्यातल्या कितीतरी 'मोझर बेअर'च्या असायच्या. नोएडाची ही आपली भारतीय कंपनी एकेकाळी जगातल्या मोठ्या सीडी बनवणाऱ्यांमध्ये गणली जायची. २०१८ साली ती दिवाळखोरीत निघून अवसायनात गेली. असो.

आता काटकसरीचं बोलू. आपण बायका अर्ध्या गोष्टी फेकत नाही. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, जुन्या लुगड्याची गोधडी होते, पोरांच्या वह्यांची कोरी पानं फाडून त्यांची दुधाच्या हिशेबाची वही होते. आपण तर वर्धेकर! सेवाग्रामच्या बापूंनी वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहिले, पेन्सिलीचा तुकडाही टाकू दिला नाही, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. तेव्हा सातशे एमबीच्या सीडीत शंभर-दीडशे एमबी भरले आणि बाकी कोरी राहिली, हे आपल्या डोळ्यांना खुपणारच. स्टुडिओवाल्यालाही दोष देणार नाही. "दादा, जुनीच घ्या ना, त्यातच टाका," असं आपणच म्हणत होतो. तो नवी सीडी घ्या म्हणाला असता तर आपल्याला वाटलं असतं, धंदा करतोय.

पण पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं तर मागची बाजू उलटून वाचता येते. सीडीची मागची बाजू अशी उलटत नाही. आणि काटकसर म्हणावी तर तीही पूर्ण खरी नाही. प्रत्येक वेळी सेशन सुरू करायला आणि बंद करायला जागा लागते. पहिल्या वेळी साधारण बावीस एमबी, त्यानंतर प्रत्येक वेळी तेरा एमबी. तुम्ही पाच फोटो टाकायला गेलात तरी ते तेरा जाणारच. दहा वेळा थोडं थोडं भरलं तर दीडशेच्या आसपास एमबी नुसत्या दार उघडण्या-लावण्यात गेले! दुधापेक्षा भांडं जड. आणि हे सगळं वाचवायचं कशासाठी, तर दहा-पंधरा रुपयांच्या कोऱ्या सीडीसाठी.

त्यात भारनियमन आठवतं ना? २००५ ते २००८ ची ती वर्षं. दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसायची कितीतरी गावांत. सीडी भरता भरता लाइट गेली की ते सेशन अर्धवट. नव्या कोऱ्या सीडीचं असं झालं तर दहा रुपये गेले म्हणून सोडून देता येतं. पण ज्या सीडीत लेकीच्या लग्नाचे फोटो आधीच आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, ती सीडी पुन्हा रायटरमध्ये घालणं म्हणजे भरल्या ताटाला पुन्हा चुलीवर ठेवण्यासारखं आहे.

आमच्या एका गटाची गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढं तळमळून का बोलते ते कळेल. २००६ साली त्या बायकांनी पापड-कुरडयांचा पहिला स्टॉल लावला, त्याचे फोटो काढले. गावातल्या एका स्टुडिओने सीडी करून दिली. पुढे गावाबाहेरच्या हातभट्टीवर बायका चालून गेल्या, त्याचे फोटो. (आपला जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा, आणि तरी बायकांना हे करावं लागतं, यावर पुन्हा कधीतरी लिहीन.) मग शिलाई मशीनचं वाटप, मग मेळावा. दर वेळी गटाच्या अध्यक्ष तीच सीडी पिशवीत घालून स्टुडिओत जायच्या आणि नवे फोटो टाकून आणायच्या. चार वेळा झालं. घरी लावून बघायची सोय कुणाकडेच नव्हती. सीडी लोखंडी कपाटात, गटाच्या पासबुकांसोबत, किल्लीत.

२००९ च्या उन्हाळ्यात गटातली एक बाई गेली. पन्नाशीचीही नव्हती. तेराव्याला तिची मुलगी अध्यक्षांकडे आली. म्हणाली, "काकू, आईचा एक फोटो भेटन का जी? आमच्या घरी एकबी नाही." आधार कार्ड तेव्हा आलेलं नव्हतं. रेशन कार्डावरचा फोटो नवऱ्यासोबतचा, त्यात तोंड काळं आलेलं. लग्नात फोटो काढण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती. पण पहिल्या स्टॉलवर तिचा फोटो काढलेला सगळ्यांना आठवत होता. कढईपाशी हातात झारा घेऊन उभी.

सीडी काढली. शाळेतल्या कॉम्प्युटरवर लावली. मेळाव्याचे फोटो तेवढे निघाले. पुढाऱ्यांचे सत्कार, हारतुरे, खुर्च्यांच्या रांगा. स्टॉलचे नाहीत, हातभट्टीचे नाहीत, मशीनचे नाहीत. अध्यक्ष स्टुडिओत गेल्या. तिथल्या मुलाने सीडी लावली, बघितली आणि म्हणाला, "काकू, जुने उडाले असतील. सीडी खराब झाली, फेकून द्या." स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो तर जागा करण्यासाठी केव्हाच काढून टाकलेले.

त्या रडकुंडीला येऊन माझ्याकडे आल्या. मी ती सीडी वर्ध्याला कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडे दिली. त्याने 'आयसोबस्टर' नावाचा एक प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम शेवटची अनुक्रमणिका वाचून थांबत नाही, सीडीवरचं प्रत्येक सेशन वेगळं दाखवतो. पडद्यावर एकाखाली एक चार ओळी आल्या. पहिली उघडली. कढई होती, झारा होता, उन्हामुळे डोळे बारीक केलेली ती बाई होती! तो स्टुडिओतला मुलगा मेळाव्याचे फोटो भरताना जुनी अनुक्रमणिका सोबत घ्यायला विसरला होता, एवढंच. सीडी खराब नव्हतीच.

ती सीडी अध्यक्षांनी त्या दिवशी स्टुडिओच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली असती तर? हा विचार आजही मनात येतो. आणि किती घरांतून अशा सीडी टाकल्या गेल्या असतील! मुलं त्या शेतात दोरीला बांधतात, पाखरं हाकलायला. वाऱ्यावर फिरतात, चमकतात. छान दिसतात हो. पण त्यांतल्या एखादीत कुणाचं तरी बारसं असतं.

ही फसगत फक्त आपल्यासारख्या घरगुती लोकांची होते असंही समजू नका. आपल्या सेवाग्रामशी ज्यांचं नातं, त्या बापूंच्या लेखनाच्या बाबतीत, सीडीच्याच काळात, जवळजवळ हेच घडलं होतं. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गांधीजींचं सगळं लेखन, पत्रं, भाषणं तारखेच्या क्रमाने छापायला घेतली. पहिला खंड १९५८ साली आला. प्रा. के. स्वामिनाथन यांनी पंचवीसेक वर्षं मुख्य संपादक म्हणून यासाठी घालवली. १९८४ पर्यंत नव्वद खंड झाले. पण दरम्यान काय झालं, की लोकांच्या घरांतून, पेट्यांतून बापूंची नवी नवी पत्रं सापडतच राहिली. आता ज्या वर्षाचा खंड छापून झाला त्या वर्षाचं पत्र कुठे घालायचं? छापलेल्या पुस्तकात पान घुसवता येत नाही. मग पुरवणी खंड काढले, ९१ ते ९७. त्यापुढे सूची आणि प्रस्तावनांचे खंड, असे १९९४ पर्यंत एकूण शंभर झाले. म्हणजे बघा, ही आपली सेशनचीच पद्धत! जुनं जसंच्या तसं ठेवायचं, नवं त्याच्या पुढे लावायचं, आणि शोधणाऱ्याला दोन्हीकडे बघायला लावायचं. गैरसोय होतीच.

ती गैरसोय दूर करायला म्हणून १९९८ ते २००१ या काळात सुधारित आवृत्ती निघाली. पुरवणीतली पत्रं मूळ क्रमात मिसळून सगळं एका रांगेत लावलं. १९९९ मध्ये त्याची सीडीही निघाली. एवढे शंभर खंड एका पाकिटात, केवढी सोय! पण अभ्यासकांनी जुने खंड शेजारी ठेवून ताडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की या मिसळामिसळीत मूळच्या काही नोंदी गळल्या आहेत. खंडांच्या प्रस्तावना नाहीत. जुन्या खंडांचे पृष्ठक्रमांक देऊन लोकांनी जे संदर्भ दिले होते ते जुळेनात. त्रिदीप सुहृद यांनी २००४ साली यावर लिहिलं, देशोदेशीच्या अभ्यासकांनी आवाज उठवला, आणि २००५ मध्ये सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. पुढे गूजरात विद्यापीठाच्या दीनाबेन पटेल यांच्या देखरेखीखाली मूळ शंभर खंडांबरहुकूम इलेक्ट्रॉनिक प्रत तयार झाली. ती आज साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर कुणालाही फुकट बघता येते.

ती सीडी कारखान्यात छापलेली होती, आपल्यासारखी घरी भरायची नव्हती, हे मान्य. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जे गळलं ते कळलं कसं? जुने शंभर खंड वाचनालयांत होते म्हणून. कुणीतरी ते रद्दीत घातले नव्हते म्हणून. आपल्या घरी ती एकच सीडी असते. तिच्यातून काही गळलं तर कशाशी ताडून बघणार?

गाण्यांच्या सीडीची गंमत आणखी वेगळी. आमच्याकडच्या एका भजनी मंडळाने खंजिरीवरची भजनं रेकॉर्ड करून त्यांची गाण्याची सीडी केली. पुढे आणखी सहा भजनं त्यात भरून घेतली. कॉम्प्युटरवाला म्हणाला, भरली. पण टेपरेकॉर्डरसारख्या सीडी प्लेअरवर लावली तर जुनी वाजतात, नवी वाजतच नाहीत! साध्या ऑडिओ प्लेअरला पहिलंच सेशन दिसतं. म्हणजे फोटोंच्या सीडीत जुनं लपतं आणि गाण्यांच्या सीडीत नवं. मंडळातल्या आजी म्हणाल्या, "या तबकडीलेबी जुन्याच बाया आवडतात वाटते."

आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सीडीतून 'डिलीट' केलेलं पुसलं जात नाही. विस्टा आणि तिच्या पुढच्या विंडोजमध्ये सीडी पेन ड्राइव्हसारखी वापरायची सोय आली. तीत साध्या सीडीवरची फाइलसुद्धा डिलीट करता येते असं दिसतं. प्रत्यक्षात फक्त तिचं नाव नव्या अनुक्रमणिकेतून वगळलं जातं. जागाही परत मिळत नाही आणि फोटोही जात नाही. आता विचार करा. मुलीच्या स्थळासाठी बायोडाटा आणि फोटो सीडीत घालून दिले. आधी त्याच सीडीत मैत्रिणींसोबतच्या सहलीचे फोटो होते, ते 'काढून टाकले'. ती सीडी दोन-तीन अनोळखी घरांत फिरली. ज्याला येतं तो त्यातलं सगळं बघू शकतो. घाबरवायचं नाही मला. पण परक्या हाती सीडी द्यायची असेल तर ती कोरी करकरीत घेऊनच भरलेली असावी, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. जुनी सीडी टाकायची झाली तरी वाटून झाल्यावर कापडात गुंडाळून मोडून टाका.

"पण ताई, तरी भरायचीच असेल तर?" असं काही जणी हट्टाने विचारतातच. शाळेतल्या बाई असतात, ऑफिसातल्या असतात, कुठेकुठे अजूनही माहिती सीडीवर मागतात. ठीक आहे. पहिलं काम, सीडीतलं सगळं आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ते उघडतं का बघा. नुसती नावं दिसतात तेवढ्यावर जाऊ नका, चार फोटो उघडून पाहा. मगच सीडीला हात लावायचा. 'नीरो'सारख्या प्रोग्रॅममध्ये नवी सुरुवात करायची की आधीची सीडी पुढे चालू ठेवायची असे दोन वेगळे पर्याय असतात. पुढे चालू ठेवण्याचा घ्यायचा. तो घेतला की जुन्या फाइलींची नावं यादीत फिकट रंगात दिसतात. ती दिसली नाहीत तर तिथेच थांबा, बटण दाबू देऊ नका. भरून झाल्यावर सीडी बाहेर काढून पुन्हा घाला, एक जुनी आणि एक नवी फाइल उघडा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरही. 'फायनलाइझ' असा शब्द विचारला गेला तर त्याचा अर्थ कायमचं कुलूप. त्यानंतर त्यात काही भरता येत नाही. दुसऱ्याला द्यायच्या सीडीला ते कुलूप लावलेलं चांगलं, कारण काही जुन्या प्लेअरना कुलूप न लावलेली सीडी वाचताच येत नाही.

हे वाचून कंटाळा आला असेल. "हे आपलं काम नाही, पोरगा करेल," असं म्हणून पान उलटणाऱ्याही असतील. माझा राग आहे तो इथेच. कुकरची रिंग कोणत्या कंपनीची बसते, गॅसचा रेग्युलेटर कसा फिरवायचा, शिलाई मशीनचं टेन्शन कुठे किती ठेवायचं, इन्व्हर्टरमध्ये पाणी केव्हा घालायचं, हे सगळं आपल्याला कळतं. बचत गटाचं व्याज तोंडी काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, चौथी शिकलेल्या! पण सीडी म्हटली की ती मुलाकडे, पुतण्याकडे, स्टुडिओवाल्याकडे. तो म्हणाला 'उडालं' की उडालं. तो म्हणाला 'फेका' की फेकलं. त्या गटाच्या अध्यक्षांनी चार वेळा सीडी नेली, एकदाही कुणी त्यांना "काकू, बघून घ्या बरोबर आलं का" असं म्हणून पडद्यासमोर बसवलं नाही. घरातल्या आठवणी जपायच्या बाईने, आणि त्यांची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती! दागिन्यांच्या बाबतीत आपण असं करतो का? सोनाराकडे पाटली मोडायला दिली तर वजनकाट्यावरून नजर हलत नाही आपली.

आता भरण्याचे दिवस जवळजवळ संपले, काढण्याचे आहेत. आणि तेही फार उरलेले नाहीत. सीडीतला तो रंगाचा थर उन्हाने, उष्णतेने विटतो. आपल्या वर्ध्याचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी पेटीत पंधरा-वीस वर्षं पडलेल्या सीडीकडून फार अपेक्षा करू नये, पण वाचणाऱ्याही पुष्कळ निघतात. हाताळताना एक लक्षात ठेवा. आपण चमकती बाजू जपतो आणि नावाची बाजू खाली घासत ठेवतो. खरं तर सीडीचा जीव नावाच्या बाजूलाच, त्या पातळ लेपाखाली असतो. तिथे बॉलपेनने दाबून लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं तर लेपच निघून येतो. चमकत्या बाजूचा हलका ओरखडा एकवेळ चालतो. धूळ असेल तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर पुसायचं, गोल गोल नाही.

घरात ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. एका घराने घेण्यात अर्थ नाही, पण दहा घरांनी मिळून घेतला तर प्रत्येकीला साडीच्या फॉल-पिकोएवढा खर्च येतो. आम्ही तीन गटांनी मिळून तसाच एक घेतला आहे. ज्यांच्याकडे असतो त्यांनी सीडीवरचं सगळं काढून दोन जागी ठेवायचं, एक पेन ड्राइव्हवर आणि एक घरातल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. सीडीत अपेक्षेपेक्षा कमी दिसलं, किंवा मागून बघताना भरलेला भाग मोठा आणि फोटो मात्र थोडेच असं वाटलं, तर ती सीडी वेगळी ठेवायची. तशा सीडी जमल्या की आम्ही एक दिवस येणाऱ्याला बोलावतो आणि सेशन उघडून बघतो. बायका समोर बसतात. माऊस त्यांच्या हातात असतो, ही आमची अट आहे. मागच्या खेपेला वेगळ्या ठेवलेल्या अकरा सीडींपैकी चारांमध्ये लपलेलं काहीतरी निघालं. एकीत सासूबाईंच्या साठीचे फोटो, एकीत मुलाचा शाळेतला पहिला दिवस, दोनांत निव्वळ कुणाच्या तरी प्रोजेक्टच्या फाइली. प्रोजेक्टवाली बाई जरा हिरमुसली, पण घेऊन गेली पेन ड्राइव्हमध्ये.

ड्राइव्ह कुणाकडे आहे त्याची नोंद गटाच्या वहीत असते. सध्या तो पुलगावला आहे. त्यानंतर आर्वीची पाळी.